चपलांच्या कपाटावरची सवत

ब्रेकराव हे नाव त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाही, हे सांगायला नकोच. ते इमारतीनं ठेवलं, आणि एकमतानं ठेवलं. या इमारतीत एकमत झाल्याचा तो पहिला आणि बहुधा शेवटचा प्रसंग.

गृहस्थ लिफ्ट तपासनीस. शहरभर हिंडायचं, गच्चीवरच्या कोंदट खोल्यांत शिरायचं, दोर बघायचे, ब्रेक बघायचा, लिफ्टच्या डब्यात उभं राहून दार दहादा उघडमीट करायचं आणि आतल्या कार्डावर तारीख घालून सही ठोकायची. तीस वर्षं हे केल्यावर माणसाचा कशावरच विश्वास राहत नाही. प्रत्येक गोष्टीला दुसरा ब्रेक हवा, हे त्यांचं पालुपद. दाराला दोन कुलुपं. पँटला पट्टा, आणि पट्ट्याचा भरवसा काय म्हणून वर गॅलिस. रात्री गॅस बंद आहे का ते एकदा स्वतः बघणार, एकदा बायकोला बघायला लावणार. लग्नाच्या दिवशी सही करायला हा माणूस दोन पेनं घेऊन गेला होता म्हणे. बायको आजही म्हणते, "पेनं दोन आणलीत. अक्कल एकच आणली असती तरी चाललं असतं."

ती इस्पितळात एक्स-रे काढते. माणसाच्या आरपार बघण्याचा पगार घेते आणि घरी तेच काम फुकट करते.

त्यांची एकुलती एक मुलगी खारू. लहानपणी एका जागी दोन मिनिटं ठरत नसे, म्हणून खारूताई, आणि ताई होण्याआधीच ताई गळून गेलं. आता अठराची आहे. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचंय. हे खूळ आजचं नाही. सातवीत असताना जिन्यातल्या मांजरीचा पाय मोडला तेव्हा हिनं रडून रडून घर डोक्यावर घेतलं, आणि शेवटी आईनं त्या मांजरीला पिशवीत घालून इस्पितळात नेऊन तिचा एक्स-रे काढला. नोंदवहीत लिहिलं, "मनी, वय दोन, स्त्री." ही गोष्ट कुणाला माहीत नाही, म्हणजे इमारतीतल्या चाळीस घरांपलीकडे कुणाला माहीत नाही.

खारूला हवं होतं ते कॉलेज मात्र लांब. रात्रभराचा प्रवास आणि वर अर्धा दिवस. ब्रेकरावांना ते पचेना.

"प्राण्यांचं डॉक्टर व्हायला एवढ्या लांब कशाला?" ते म्हणायचे. "इथं काय प्राणी नाहीत?"

"आहेत ना," बायको म्हणायची. "एक तर घरातच आहे."

वाद तिथंच संपायचा, पण मिटायचा नाही. शेवटी खारूनं अर्ज भरला, ब्रेकरावांनी तोंड वाकडं करून का होईना सही केली, आणि तिचं नाव प्रतीक्षा यादीत लागलं. "बघू," ते म्हणाले. त्या "बघू"मध्ये किती आशा आणि कसली आशा होती, ते बायकोला आरपार दिसलं होतं.

या घरातलं आणखी एक शास्त्र म्हणजे घड्याळं. तरुणपणी एका मोठ्या कंपनीच्या मुलाखतीला ब्रेकराव अकरा मिनिटं उशिरा पोचले आणि दार तोंडावर बंद झालं. तेव्हापासून घरातली झाडून सगळी घड्याळं बारा मिनिटं पुढं. अकरा मिनिटं झाल्या नुकसानीची, एक मिनिट सुरक्षेसाठी. याचा उपयोग काय? शून्य. घरातला प्रत्येक जण घड्याळाकडं बघतो आणि मनातल्या मनात बारा वजा करतो. खारू वजाबाकी आधी शिकली, बेरीज मागून. फसतात ते फक्त पाहुणे. चहा अर्धा टाकून उठतात. पण ब्रेकरावांचा नेम चुकत नाही. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला स्टूल घेऊन घड्याळफेरी निघते: बैठकीतलं, स्वयंपाकघरातलं, निजायच्या खोलीतलं, ओव्हनवरचं, स्वतःच्या मनगटावरचं. बायकोच्या आणि खारूच्या फोनना हात लावायला बंदी आहे. एकदा लावून पाहिला होता. त्या दिवशी जेवण बाहेरून आणावं लागलं.

आता सवतीकडं येऊ.

झालं असं, की वर्षापूर्वी बायकोचा फोन बादलीत पडला. फोन गेल्याचं दुःख नव्हतं. दुःख आत बुडालेल्या आकड्यांचं होतं. इस्पितळात कामाच्या पाळ्या, रजा, सगळं हल्ली संगणकावर. तिथं शिरायला आधी पासवर्ड लागतो, मग सहा आकडी कोड लागतो, आणि तो कोड दर अर्ध्या मिनिटाला बदलत फोनवर दिसत असतो. फोन बुडाला, कोड बुडाला. सतरा वर्षं जिथं नोकरी केली तिथं "मी म्हणजे मीच" हे पटवायला बाईला अकरा दिवस खेटे घालावे लागले.

ब्रेकरावांना कुठंतरी गुदगुल्या झाल्या. पासवर्डावर विसंबायचं नाही, वर कोड हवाच, म्हणजे जगानं त्यांचं पालुपद उचललं होतं! फक्त तो दुसरा ब्रेक लोक फोनमध्ये ठेवत होते, हे त्यांना पटेना. "घराची किल्ली घरात राहिली पाहिजे," त्यांनी जाहीर केलं. शोधता शोधता त्यांना एक फुकटचा प्रोग्रॅम सापडला. तो आपल्याच घरातल्या यंत्रावर बसवायचा. मग तो घरातल्या सगळ्यांचे कोड तयार करतो आणि घरातल्या कुठल्याही पडद्यावर दाखवतो. फोन बादलीत पडो नाही तर विहिरीत.

हा प्रोग्रॅम येतो एका कंटेनरमध्ये. म्हणजे आपलं सगळं बिऱ्हाड, भांडीकुंडी, अंथरूणपांघरूण एका डब्यात घालूनच येतो. यंत्राच्या घरात काय कुठं ठेवलंय ते विचारत बसत नाही. ब्रेकरावांनी वाचलं आणि मांडीवर थाप मारली. "अगं, हा तर डबा! वर नेला, खाली आणला, थांबवला, चालू केला. यात आपला हात कोण धरणार?"

"कुणी धरला तर बरं होईल," बायको म्हणाली.

खारूचा जुना लॅपटॉप, ज्याचं झाकण पुरतं मिटत नव्हतं, तो त्यांनी दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर मांडला, कारण इंटरनेटची तार तिथवरच पोचत होती. या यंत्रावर डबा चढवायला तीन रविवार गेले. पहिला रविवार एका फाईलपायी गेला. डब्यानं कुठल्या दारानं आत यावं, कुणाला आत घ्यावं, हे सगळं त्या फाईलीत ओळीनं लिहायचं असतं. एका ओळीच्या आधी दोन रिकाम्या जागा हव्या होत्या तिथं तीन पडल्या, म्हणून डबा दिवसभर जागचा हलला नाही. दुसऱ्या रविवारी हलला. ब्रेकरावांनी आनंदानं चौदा खात्यांची माहिती भरली. मग कळलं की प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आलीय. म्हणाले, चला, ताजा डबा घेऊ. जुना काढून टाकला, नवा लावला, उघडून बघतात तर आत चिटपाखरू नाही. माहिती डब्याच्या आतच ठेवली होती. डबा मोडीत गेला, माहितीही गेली.

ते चपलांच्या कपाटासमोर जमिनीवर बसून राहिले. "तीस वर्षं लोकांना सांगतोय," स्वतःशीच म्हणाले, "दोर डब्याच्या बाहेर असतो. बाहेर!"

तिसऱ्या रविवारी माहिती डब्याबाहेर यंत्रावरच्या वेगळ्या जागी ठेवली. शिवाय रोज तिची एक नक्कल पेनड्राइव्हवर जाईल अशी सोय केली. प्रत्येक खात्यासाठी संकटकाळी वापरायचे म्हणून जे जादा कोड मिळतात, ते छापून, प्लास्टिकमध्ये मढवून बँकेच्या लॉकरमध्ये नेऊन ठेवले. आणि सगळ्यावर कळस म्हणजे, लॅपटॉपच्या वर भिंतीला एक कार्ड चिकटवलं: तपासणी दिनांक, सही, क्षमता तीन सदस्य.

त्या दिवसापासून ते बाहेरून आले की चपला काढण्याआधी यंत्रावर हात ठेवून ते फार तापलंय का बघायचे. जाताना पुन्हा. बायकोचा ताप असा त्यांनी कधी बघितल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. तिनंच त्या यंत्राचं नाव सवत ठेवलं. "सवतीला गरम होतंय का हो? पंखा लावू?"

पण बोलायला जागा नव्हती. महिनाभर सवत गुणाची वागली. बायको पाळ्या बघायची, खारू कॉलेजच्या संकेतस्थळावर यादी बघायची. पासवर्ड घालायचा, यंत्रावरचा कोड घालायचा, दार उघडायचं. ब्रेकराव कधी नव्हे ते शीळ घालायला लागले. शेजाऱ्यापाजाऱ्यांना तेव्हाच समजायला हवं होतं.

मग पहिली तारीख आली. घड्याळफेरी निघाली. सगळी घड्याळं झाली, स्टूल उचलून ते परत निघाले, आणि यंत्राच्या पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडं त्यांची नजर गेली. "अरेच्चा," म्हणाले. "हे मागं पडलंय."

आणि त्यांनी ते मिळवलं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. ब्रेकराव सकाळची तपासणी उरकून घरी आले होते आणि बायको पाळी संपवून नुकतीच टेकली होती. खारू धाडधाड जिना चढत आली. लिफ्ट होती, पण ही लिफ्टची वाट बघण्याच्या पलीकडं गेली होती.

"लागलं! माझं नाव लागलं!" तिनं फोन आईच्या नाकाला लावला. प्रतीक्षा यादीतल्या कुणीतरी जागा सोडली होती. जागा हवी असेल तर आज संध्याकाळी पाचच्या आत आपल्या खात्यात शिरून होकार द्या, नाही तर ती पुढच्या उमेदवाराला जाईल, असा निरोप होता. निरोप आला तीनला. मैत्रिणीकडं फोन पिशवीत पडला होता, हिनं वाचला चारला. आता फोनवर चार दहा झाले होते.

"पन्नास मिनिटं आहेत," आई म्हणाली. "रडायचं ते नंतर रड. आधी होकार दे."

खारूनं आपला चांगला लॅपटॉप उघडला, पासवर्ड घातला. कोड विचारला. "बाबा, कोड!"

ब्रेकराव चपलांच्या कपाटापाशी आधीच उभे होते. चेहरा असा, की जणू आपलीच जागा लागलीय, किंवा आपलीच गेलीय; त्यांचं त्यांनाही ठरवता येत नव्हतं. पण आवाज खणखणीत. "चार, एक, सात... शून्य, नऊ, दोन."

"चुकीचा म्हणतंय."

"तू चुकीचा टाकला असशील. पुन्हा. आठ, आठ, तीन..."

तोही चुकीचा. तिसऱ्यांदा बायको स्वतः कपाटापाशी येऊन उभी राहिली आणि नवऱ्याच्या तोंडाकडं न बघता पडद्याकडं बघून आकडे ओरडली. चुकीचा. चौथ्यांदा खारू लॅपटॉप घेऊन तिथंच येऊन उभी राहिली, डोळ्यानं बघून बोटानं टाकला. चुकीचा. पाचव्यांदा कुणी श्वास घेतला नाही. तरी चुकीचा. आणि खाली लाल अक्षरांत उमटलं: सुरक्षेसाठी आपलं खातं तीस मिनिटं बंद करण्यात येत आहे.

चार बावीस झाले होते. म्हणजे दार चार बावन्नला उघडणार, आणि पाचला कायमचं मिटणार.

त्यानंतर जे झालं ते इमारतीच्या तीन मजल्यांवर ऐकू गेलं, म्हणून खात्रीनं सांगता येतं. ब्रेकरावांनी डबा थांबवला, परत चालू केला. आकडे आले, पण ते बरोबर की चूक हे तपासायचं कसं? खातंच बंद! बायकोच्या इस्पितळाच्या खात्यावर तपासून पाहिलं. तिथंही चुकीचा. कॉलेजच्या मदतकेंद्राला फोन लावला. तिथल्या बाईनं आपला फोन आमच्यासाठी किती मोलाचा आहे ते सहा वेळा सांगितलं आणि मग पेटीसारखं काहीतरी वाजवायला लागली.

"ते जादा कोड काढा ना तुमचे," बायको म्हणाली. "संकटकाळचे."

"लॉकरमध्ये आहेत."

"बँक किती वाजता बंद होते?"

"चारला."

"म्हणजे संकटानं चारच्या आत यायचं," बायको म्हणाली. "अहो, चोर येईल म्हणून ज्यानं घराचं दारच बुजवलं, तो शहाणा तुम्हीच ना?"

ब्रेकराव पुन्हा डबा थांबवायला वाकले आणि तेवढ्यात खारूचा आवाज आला. मोठा नव्हता, तीन मजल्यांवर गेला नाही.

"बाबा, तुम्ही मुद्दाम केलंत का?"

ते वाकलेले तसेच राहिले.

"महिनाभर चालत होतं," ती म्हणाली. "आजच कसं बंद पडलं? मी लांब जायला नको होतं ना तुम्हाला?"

कुणी असं विचारलं की माणूस तोंड उघडून "छे" म्हणतो. ब्रेकरावांना ते छे सुचेना. कारण त्यांनी काही केलं नव्हतं हे जितकं खरं, तितकंच हेही खरं होतं की दुपारी तिचं "लागलं!" ऐकलं तेव्हा त्यांनी आधी रात्रभराचा प्रवास आणि वरचा अर्धा दिवस मोजला होता, आनंद मागून आला. एवढं सगळं पोरीला कसं सांगणार? त्यांनी सांगितलं एवढंच, "नाही गं." आणि ते इतकं पडेल निघालं की त्यांना स्वतःलाही खोटं वाटलं.

बायकोनं त्यांच्याकडं बघितलं. आरपार. मग वळून म्हणाली, "केलं नाहीये त्यांनी मुद्दाम. मुद्दाम करायला अक्कल लागते." आणि तिनं आपल्या धाकट्या भावाला फोन लावला.

हा मेहुणा संगणकाच्या कामात आहे. बहिणीच्या नवऱ्याची चेष्टा करणं हा त्याचा जोडधंदा. तिनं फोन कपाटावर ठेवून आवाज मोठा केला.

"काय भाऊजी, लिफ्ट अडकली?"

"चेष्टा नको रे," बहीण म्हणाली. "पोरीची जागा जातेय." आणि दोन वाक्यांत सगळं सांगितलं.

मेहुण्याचा आवाज बदलला. "बरं, ऐका. हे कोड दोन गोष्टींपासून बनतात. एक गुपित, जे तुमच्याकडं आणि कॉलेजकडं सारखं असतं. दुसरी गोष्ट वेळ. आत्ता किती वाजलेत त्यावरून आकडा ठरतो. गुपित तर आहे तसंच आहे. यंत्राची वेळ बरोबर आहे ना, भाऊजी?"

"म्हणजे काय! कालच मिळवलीय."

"कशाशी मिळवलीत?"

"घरातल्या घड्याळांशी."

मेहुणा वीस वर्षं या घरी येतोय. वीस वर्षांत त्यानं इथं किती चहा अर्धे टाकलेत याची मोजदाद नाही.

"भाऊजी," तो अगदी हळू म्हणाला, "डब्याला स्वतःचं घड्याळ नसतं हो, तो यंत्राचंच बघतो. घरजावयाचं असतं तसं. सासऱ्याच्या घड्याळात वाजतील तेवढेच त्याचे वाजतात."

बायकोनं कपाळाला हात लावला नाही. ती हसली. आधी थोडी, मग कपाटाला धरून. खारू हसली नाही. ती यंत्राच्या कोपऱ्यातल्या वेळेकडं आणि आपल्या फोनकडं आळीपाळीनं बघत होती. फोनवर चार अडतीस. यंत्रावर चार पन्नास.

"सोपं आहे," मेहुणा म्हणाला. "वेळ आपोआप मिळवायचं बटण चालू करा, एकदा यंत्र बंद करून..."

ब्रेकरावांचा हात पुढं आला. बायकोचं हसू थांबलं आणि तिनं तो हात हवेतच धरला. "हात लावायचा नाही. काल एक बटण दाबलंत, आज हे. अजून एक दाबलंत तर सवत जीवच सोडेल."

"अगं, पण दुरुस्त..."

"थांबा," खारू म्हणाली. "दोघंही थांबा. हे यंत्र बारा मिनिटं पुढं आहे ना? म्हणजे हे आत्ता जो कोड दाखवतंय तो चुकीचा नाहीये. तो अजून व्हायचाय. यंत्रात चार बावन्न वाजले की जो आकडा दिसेल, तोच कॉलेजला चार बावन्नला हवा असणार!"

"भाची कुणाची!" फोनमधून ओरड आली.

"मग बघत काय उभे राहिलात?" बायको म्हणाली. "कागद!"

कागद ब्रेकरावांनीच आणला. पेनं अर्थातच दोन आणली. यंत्राच्या घड्याळात चार बावन्न व्हायला दीड मिनिट होतं. तिघं कपाटासमोर ओळीनं उभे राहिले. कोड दिसला की खारू वाचायची, आई लिहायची, ब्रेकराव बाजूला यंत्राची वेळ घालायचे. चार बावन्न. चार बावन्न आणि तीस सेकंद. चार त्रेपन्न. असे आठ आकडे. जगाला अजून बारा मिनिटांनी जे कळणार होतं ते या घराच्या हातात कागदावर पडलं होतं, आणि त्या कागदाचा एक कोपरा खाली चपलेच्या पॉलिशनं काळा झाला होता.

"आता दुरुस्त करू का?" ब्रेकरावांनी विचारलं.

बायकोनं स्वयंपाकघरातून खुर्ची आणली आणि कपाटासमोर ठेवून तिच्यावर बसली. उत्तर मिळालं.

मधली आठ मिनिटं कशी गेली ते विचारू नका. घरात पाच घड्याळं, पाचही ठार खोटी, आणि पाचही पाच वाजून गेल्याचं सांगत टकटकत होती. बैठकीतल्या घड्याळानं तर ठोके दिले. बायको म्हणाली, "त्याला गप्प करा, नाही तर मी करते." ब्रेकरावांनी स्टूल आणलं, घड्याळ उतरवलं, उशीखाली घातलं.

खारूच्या फोनवर चार बावन्न झाले. तिनं पासवर्ड घातला. पडद्यानं सांगितलं: एक मिनिटानं प्रयत्न करा. आईनं कागदावरच्या पहिल्या दोन ओळींवर काट मारली. चार त्रेपन्न. तिनं पुन्हा पासवर्ड घातला. या वेळी कोड विचारला. आई ओळीवर बोट ठेवून आकडे वाचत गेली, एकेक, भातात आलेला खडा वेचावा तसे. खारूनं शेवटचा आकडा टाकला आणि डोळे मिटून घेतले.

"उघडलं," आई म्हणाली.

आत हिरवं बटण होतं: जागा स्वीकारा. खारूनं दाबलं. मग अटींचं पान आलं, लांबच लांब. ब्रेकराव तीस वर्षांच्या सवयीनं चष्मा सावरून पुढं वाकले.

"अहो!"

"नुसतं बघत होतो."

खारूनं सरसर खाली जाऊन "मान्य" दाबलं. चक्र फिरलं, फिरलं, आणि अभिनंदन आलं. फोनवर चार पंचावन्न. आईनं लेकीला कुशीत घेतलं, फोनमधला मामा कुणीच ऐकत नसताना ओरडत राहिला, आणि ब्रेकराव मधोमध उभे होते, कुणाला मिठी मारावी ते न कळून. शेवटी खारूच त्यांच्याकडं आली.

"मी उगाच बोलले, बाबा."

"उगाच नाही," ते म्हणाले. "मी मुद्दाम केलं नाही. पण मला नको होतं, हे खरंच. हवंय आणि नकोय, दोन्ही एकदम असतं. ते कसं मोजायचं ते मला अजून जमलेलं नाही."

"हां," खारू म्हणाली. आणि मग, "तुम्ही मला सोडायला याल ना तिथं?"

"येईन की. तुमच्या वसतिगृहात लिफ्ट आहे का?"

"बाबा, तुम्ही तिथली लिफ्ट तपासायची नाही."

"नुसतं बघेन."

मग मेहुण्याच्या सांगण्यावरून, बायकोच्या देखरेखीखाली, यंत्राची वेळ आपोआप मिळवायचं बटण एकदाचं चालू झालं. इस्पितळाच्या खात्यावर कोड घालून बघितला, चालला. बायकोनं खुर्ची आत नेली.

दिवे लागायच्या सुमारास खारू पुन्हा कपाटापाशी आली. "बाबा, माझा कोड मला माझ्या फोनवर हवाय. तिथं गेल्यावर दर वेळी तुम्हाला फोन करून विचारू का?"

"विचार की. त्यात काय?"

"वर्गातून? म्हशीच्या पोटात हात असताना?"

ब्रेकरावांनी फोन, बादली, अकरा दिवस हा सगळा पाढा म्हणायला सुरुवात केली. तिनं तो मध्येच तोडला. "पडला तर पडू दे. माझा फोन, माझी बादली." तेव्हा त्यांनी तिची ओळ उघडली. पडद्यावर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन आला, तिनं फोन समोर धरला, टिक् असा आवाज झाला. इकडं आणि तिकडं एकच आकडा दिसायला लागला. अर्ध्या मिनिटानं दोन्हीकडं तो एकदमच बदलला.

"आता तुमच्याकडचा काढा," खारू म्हणाली.

"राहू दे की एक इथंही. असावा."

"बाबा."

ती नुसती उभी राहिली. आईची लेक, तिलाही थोडंथोडं आरपार दिसायला लागलंय. ब्रेकरावांनी तिच्या ओळीवर बोट ठेवलं आणि काढून टाका म्हणून सांगितलं. यंत्रानं विचारलं: ही नोंद कायमची काढायची? ती परत आणता येणार नाही.

यंत्रानं हे असं तोंडावर विचारायला नको होतं. ब्रेकराव पडद्याकडं बघत राहिले. खारूनं त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकली.

आतून बायकोचा आवाज आला. "अहो, इतके गप्प का झालात? आता काय मोडलंत?"

"काही नाही मोडलं," ब्रेकराव म्हणाले. "दाबतोय."